ओळ कोण देणार, सगुणामावशी?

मावशी, तुम्हाला मातीआड करून अजून पंधरवडाही झाला नाही, आणि तुम्हाला सांगायच्या गोष्टी इतक्या साठल्या आहेत की रडायला सवड मिळत नाही. हे वाक्य लिहून मी स्वतःच दचकले. दुःखात माणूस असं बोलत नाही, असं कुणीही म्हणेल. तुम्ही म्हणाला नसता. तुम्ही आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ऐसपैस बसून पदराने गळा पुसला असता आणि म्हणाला असता, "सांग की मग. पैल्यापासनं सांग. मधलं गाळू नगंस."

तर पहिल्यापासून.

इंग्रजी शाळेच्या वसतिगृहातून मी लोणावळ्याला परत आले तेव्हा बाबांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मला पाहुण्यासारखं वाटत होतं. मराठी मला वाचता येत होती, समजत होती. पण बोलायला गेलं की वाक्य आधी डोक्यात जुळवावं लागे. तोवर समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असे. एकदा वाण्याच्या दुकानात मी "कृपया मला साखर द्यावी" म्हणाले आणि सगळं दुकान हसलं. वाईट हेतूने नाही. पण त्या दिवसापासून मी ठरवलं, गरजेपुरतंच बोलायचं. गप्प राहणं सोपं असतं. लोक त्याला शालीनता म्हणतात.

तुम्ही म्हणाला नाहीत. तुम्ही एके सकाळी भाजीची पाटी दाराशी टेकवून सरळ आमच्या घरात शिरलात आणि बाबांना विचारलंत, "साहेब, तुमची पोरगी बाजा वाजवती म्हनं?"

बाबा म्हणाले, "ती पियानो शिकली आहे, सगुणाबाई. हार्मोनियम नाही."

"काळ्यापांढऱ्या पट्ट्या त्याच न्हवं?"

"पट्ट्या त्याच."

"मग झालं. बुधवारी सांजच्याला देवळात लावून द्या तिला. आमचा बाजावाला बदली होऊन भुसावळला गेला, तवापासनं आमी रांडव झाल्यागत गातोय."

बाबांचा चेहरा लाल झाला आणि मला त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा हसू फुटलं. मी आपल्या चर्चला चर्च म्हणते, तुम्ही शेवटपर्यंत देऊळच म्हणत राहिलात. रेल्वेच्या चाळींमागे, रुळांना अगदी खेटून असलेलं ते कौलारू चर्च. त्या बुधवारी मी हार्मोनियमच्या मागे जाऊन बसले आणि मनात म्हटलं, बरी जागा आहे. इथे कुणाला आपलं तोंड दिसत नाही आणि ते उघडावंही लागत नाही.

तुमची गायकमंडळी पाहून मात्र मी घाबरले होते. शाळेत आम्ही हातात वह्या धरून, खांद्याला खांदा न लावता गायचो. इथे दाऊदभाऊ इंजिनावरची पाळी संपवून कोळशाच्या हातांनीच आलेले. दवाखान्यातल्या नर्स मार्थाबाई घड्याळ बघत कुरकुरणाऱ्या. वलवणच्या बायका चालत, कामशेतच्या गाडीने आलेल्या, निम्म्यांच्या कडेवर पोरं. आणि निम्म्याहून अधिक जणांना वाचता येत नव्हतं. मी मनात म्हटलं, ही माणसं गाणार कशी?

मग तुम्ही ओळ दिलीत.

ओळ देणं म्हणजे काय ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्ही एकटीने एक ओळ म्हणायची, मागून सगळ्यांनी तीच उचलायची, आणि त्यांचा शेवटचा शब्द अजून हवेत असतानाच तुम्ही त्याच्यावरून पुढची ओळ टाकायची, म्हणजे गाणं कुठेच तुटत नाही. वाचता येवो न येवो, कुणी वाटेत हरवत नाही. हे तुम्ही कुठे शिकलात असं मी विचारलं तेव्हा म्हणालात, "शिकायचं काय त्यात? बेडशाला माजी आई भात कापताना भलरी द्यायची. म्होरं ती, मागं धा कोयत्या. तिची ओळ चुकली की कोयता बोटावर." म्हणजे खाचरातलं ते कापणीचं गाणं तुम्ही जसंच्या तसं उचलून देवळात आणलं होतंत, फक्त बोल देवाचे घातले होतेत. सुगीच्या सणाचं आपलं गाणं तर तुम्ही स्वतःच रचलेलं:

भरल्या शेती उभा तू दात्या,
ओंजळ माझी थोडी.

आणि इथूनच आपलं भांडण सुरू झालं, आठवतं ना? बुधवारी आपला सराव रंगात यायचा त्याच वेळेला घाट चढून आलेली मालगाडी चर्चच्या भिंतीला घासून जायची. कौलं थरथरायची. तुम्ही त्या गाडीशी कधी झुंजला नाहीत. तुम्ही "उभा" या शब्दावर यायचात तेव्हाच नेमकी ती यायची, म्हणून तुम्ही तो शब्द धरून ठेवायचात. हात भाजी तोलल्यासारखा वर. सगळे "उभाऽऽ" म्हणून थांबलेले, गाडी धडधडत जातेय, आणि शेवटचा डबा गेला की तुमचा हात खाली. मग "तू दात्या".

मी रात्र न् रात्र नव्हे, पण आठवडे न् आठवडे हे सहन केलं. शेवटी धीर करून म्हटलं, "मावशी, तिथे दोनच मात्रा आहेत. मी चाल लिहून काढली आहे."

"दाव."

मी कागद दाखवला. तुम्ही तो उलटा धरलात, सुलटा धरलात, आणि मला परत दिलात. "बेस हाय. आता ह्यो गाडीला दाव."

सगळे हसले. मीही हसले असते, पण मी तेव्हा फार गंभीर मुलगी होते. मी म्हटलं, "पण गाडी नसेल तेव्हा काय?"

"लोणावळ्यात गाडी न्हाई असं कदी झालंय व्हय, मड्डम?"

मड्डम! सबंध मंडळीत मला त्या नावाने हाक मारायची परवानगी फक्त तुम्हाला होती. आणि तुम्ही माझ्यावर उलट रागवायचात, मी तुम्हाला अहोजाहो करते म्हणून. "मावशीला कुनी तुमी म्हनतं व्हय? परकी हाय का मी?" मला "तू" म्हणता आलं नाही. आजही येत नाहीये.

मग पुणं. मावशी, मी मेले तरी पुणं विसरणार नाही. गावोगावच्या गायकमंडळ्यांचा तो मेळावा, ते उंच छताचं मोठं चर्च, पुढच्या बाकांवर चष्मे लावलेले पाहुणे. तुम्ही नवं लुगडं नेसलेलं, मिश्री न लावता आलेल्या, म्हणून अर्धवट चिडलेल्या. आपण सुरुवात केली आणि इतकं छान चाललं होतं! तो आवाज छतापर्यंत जाऊन परत येत होता, मला बाजा वाजवताना काटा येत होता. आणि मग "उभा" आलं.

तुमचा हात वर गेला. सगळ्यांनी शब्द धरला. आणि गाडी आली नाही.

येणार कुठून? रूळ कुठल्या कुठे राहिले होते. पण सवय अशी चीज आहे की सगळे लोणावळ्याचे गायक भर पुण्यात उभे राहून मालगाडीची वाट बघायला लागले. मी बाजाच्या पट्टीवर बोट दाबून तुमच्याकडे बघतेय. तुम्ही हात वर धरून समोरच्या खिडकीकडे बघताय. तुमच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं की काय झालंय ते तुम्हाला कळलंय, आणि हात खाली कधी आणायचा ते काही केल्या कळत नाहीये. वलवणच्या बायकांचा श्वास संपत आला. मार्थाबाई जांभळ्या पडल्या. पुढच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

तेवढ्यात मागच्या रांगेतून दाऊदभाऊ खणखणीत आवाजात म्हणाले, "पास झाली, मावशी! सोडा!"

हात खाली आला. "तू दात्या!" असं काही उसळलं म्हणता! इतक्या जोरात आपण ते कधीच गायलो नव्हतो. पाहुण्यांपैकी एक जण नंतर बाबांना म्हणाले, "ती मधली दीर्घ विश्रांती फार भक्तिपूर्ण होती हो." परतीच्या गाडीत बाबांनी हे सांगितलं आणि तळेगावपासून जे हसणं सुरू झालं ते मळवलीपर्यंत थांबेना. तुम्ही हसून हसून डोळे पुसत होतात. मग माझ्या कानाशी येऊन म्हणालात, "खरं हाय तुजं. दोनच मात्रा हायेत. पर कुनाला सांगू नगंस." आणि दुसऱ्या बुधवारी पुन्हा हात वर, पुन्हा गाडी. तुमच्यासारखी हट्टी बाई मी पाहिली नाही.

पुण्याहून आल्यावर तुमच्या मनात वेगळंच शिजायला लागलं. मी बाजा वाजवताना ओठ हलवते हे तुम्ही हेरलं होतंत. एकदा सरावानंतर मी बाजाचा भाता बंद करत होते, तेव्हा तुम्ही शेजारी बसलात आणि म्हणालात, "म्हन एक ओळ."

"मी वाजवते, मावशी. गात नाही."

"तुज्या गळ्यात काय हाय ते मला म्हाईत हाय. तू कपडे वाळत टाकताना म्हनतीस. मी कुडाआडून आयकते."

 मला काय वाटत होतं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. वाण्याच्या दुकानातलं ते हसू माझ्या कानात अजून होतं. बोलताना माझे शब्द परके वाटतात, मग गाताना तर सगळं उघडं पडणार. कपडे आणि भिंत यांच्यासमोर गाणं वेगळं. तुम्ही दर आठवड्याला विचारत राहिलात, मी दर आठवड्याला नाही म्हणत राहिले. तुम्ही कधी चिडलात, कधी लालूच दाखवलीत, एकदा तर बाजाच लपवून ठेवलात. मी नाहीच म्हणाले.

मग ताप आला तुम्हाला. सुगी तोंडावर होती, मावळभर भात पिवळं पडलं होतं, आणि तुम्ही खाटेवर. मी पेज घेऊन आले तेव्हा तुमचा आवाज बसला होता. त्या फुटक्या आवाजातही तुम्ही तेच काढलंत. "सुगीच्या सणाला ओळ तू द्यायची."

"तोवर तुम्ही बऱ्या व्हाल."

"ते देवाचं काम. मी तुज्या कामाचं बोलतीया."

"मला जमणार नाही, मावशी. खरंच नाही."

"मग कोन देनार? ह्यो पोटभर हवा भरलेला बाजा देनार व्हय?"

 तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मी पेजेचं भांडं झाकून ठेवलं. ते भांडण तिथेच राहिलं, कारण दोन दिवसांनी मार्थाबाई पहाटे आमच्या दारात आल्या आणि काही बोलायच्या आधीच मला कळलं.

तुमच्या मातीला सगळा मावळ लोटला होता म्हटलं तर खोटं होणार नाही. आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी वाचन केलं, प्रार्थना केली. मग ते थांबले. ती गाण्याची जागा होती. ज्या बाईने इतक्या लोकांना गाऊन निरोप दिला तिच्या मातीवर तिची सगळी मंडळी उभी होती, आणि ओळ द्यायला कुणी नव्हतं. दाऊदभाऊंचा आवाज मोठा, पण त्यांना नेहमी मागून उचलायची सवय. मार्थाबाई रडत होत्या. मी जमिनीकडे बघत होते. पाळकसाहेबांनी थोडी वाट पाहून आशीर्वाद म्हटला. माती पडल्याचा आवाज तेवढा झाला. इतका मुका निरोप मी कुणाचा पाहिला नाही.

त्या दिवशी घरी जाताना दाऊदभाऊ म्हणाले, "संपलं, बेबी. मावशी गेली, मंडळी गेली. इंजान सुटल्यावर डबे कुटं जात्यात व्हय?"

आता ऐका, मावशी. आता खरं सांगायचं ते.

सुगीचा सण त्याच रविवारी होता. चर्चच्या खांबांना भाताच्या पेंढ्या बांधल्या होत्या. आंबेमोहोराचा वास दारापासून येत होता. भोपळे, काकड्या, अंड्यांच्या टोपल्या, आणि कामशेतच्या कुणीतरी वेदीजवळ पाय बांधून ठेवलेला एक तांबडालाल कोंबडा. ज्याने त्याने आपापल्या शेतातलं आणलं होतं. मंडळी मात्र एका बाजूला अशी उभी होती की जणू गाडी चुकलेले उतारू. तुमची जागा त्यांनी मोकळी सोडली होती. मी बाजामागे.

पाळकसाहेब म्हणाले, "आता सुगीचं गायन."

मी सूर धरला. कुणी काही म्हणेना. मी सूर धरूनच ठेवला. सगळ्या चर्चमध्ये त्या एका पट्टीचा आवाज. दाऊदभाऊंनी खाकरून घसा साफ केला आणि पुन्हा मान खाली घातली. मला वाटलं, आत्ता पाळकसाहेब आशीर्वाद म्हणतील आणि हेही मुकंच जाईल.

आणि तेवढ्यात तो कोंबडा आरवला.

मान ताणून, पंख फडफडवून, पार छपरापर्यंत पोहोचेल असा. मागच्या बाकांवर पोरं खिदळली. मार्थाबाई, ज्यांना हळू बोलता येतच नाही, त्या माझ्याकडे वळून कुजबुजल्या, "बघ बाई! त्यानं पण ओळ दिली. आता तरी दे!" सगळं चर्च हसलं.

पण मावशी, मला हसू आलं नाही. कोंबडा आरवल्यावर ख्रिस्ती माणसाला जे आठवतं तेच मला आठवलं. येशूला पकडून नेलं त्या रात्री शेगडीपाशी बसलेला त्याचा शिष्य पेत्र, कोंबडा आरवायच्या आत "मी त्या मनुष्याला ओळखत नाही" असं पुन्हा पुन्हा म्हणणारा. त्यालाही लोकांचीच भीती होती. मी मनात म्हटलं, ही सगळी माणसं हसताहेत. मी ज्याला इतकी वर्षं भीत आले ते हेच ना? हे तर होऊनही गेलं.

आणि मी तोंड उघडलं.

भरल्या शेती...

सूर नेहमीपेक्षा बराच वर लागला. पहिला शब्द थरथरला, दुसरा बरा निघाला. मला माझाच आवाज कळेना. कुणीतरी दुसरीच गातेय असं वाटत होतं. आणि मग, मावशी, ते आले! सगळे आले! दाऊदभाऊंचा तो तळातला आवाज, मार्थाबाईंचा नाकातला, वलवणच्या बायकांचा उन्हासारखा लखलखीत. पाठीमागून असा धक्का बसला की मी बाजावर पुढे झुकले. तुम्ही दर वेळी हे अंगावर घेत होतात? आणि मला कधी सांगितलं नाहीत? हे कळलं असतं तर मी पहिल्याच बुधवारी गायले असते, खरंच सांगते.

मग "उभा" आलं. रविवारची सकाळ, गाडी नाही, काही नाही. पण सगळ्यांनी शब्द धरला आणि माझ्याकडे बघितलं. दोन मात्रा, हे मीच तर सांगत आले होते. दोन मात्रा झाल्या. मी सोडलं नाही. कारण त्या धरलेल्या शब्दात मला एकेकाचा आवाज वेगळा ऐकू येत होता, आणि त्यात एक फट होती, बरोबर तुमच्या आवाजाएवढी. मला ती थोडी ऐकायची होती. मग मी पुढची ओळ टाकली, त्यांच्या शेवटच्या सुरावरून, तुम्ही टाकायचात तशी. गाणं तुटलं नाही.

बाहेर आल्यावर कुणी कौतुक वगैरे केलं असेल असं तुम्हाला वाटत असेल तर आपल्या मंडळीला तुम्ही विसरलात. मार्थाबाई म्हणाल्या, "एवढं वर घेतलंस? घसा फाटला आमचा." वलवणच्या बायका म्हणाल्या, "दुसऱ्या कडव्याला लय पळालीस, बाय. आमी खाचरात, तू बांधावर." दाऊदभाऊ कोंबड्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "ह्याला कुनी कापू नका." बाबा दारात थांबले होते. त्यांनी विचारलं, "हा आवाज घरी कधी ऐकला नाही तो?" मी म्हटलं, "घरी कुणी मागितला नाही, बाबा." ते हसले, आणि वाटभर माझ्या शेजारून चालले. एरवी ते पुढे असतात.

एक गोष्ट आहे, ती तुम्हाला आवडणार नाही. मला दोन आवाजांत गायचंय. वरचा सूर बायकांचा, खालचा दाऊदभाऊ आणि पुरुषांचा, दोन्ही एकाच वेळी. हे मी तुमच्यासमोर एकदाच काढलं होतं आणि तुम्ही म्हणाला होतात, "एका घरात सासू न् सून दोन सुरात बोलत्यात तेवढं पुरं." मी दाऊदभाऊंना विचारलं, तर ते म्हणाले, "मावशी असती तर काठी घिऊन आली असती." मग म्हणाले, "पर करून बघू." मी तुमचं सगळं ऐकणार नाही, मावशी. पण ओळ मात्र तुमच्याच रीतीने देईन. वाचता न येणारं कुणी माझ्या हातून वाटेत हरवणार नाही.

आभार मानायचे राहिले. मी ते मानले असते तर तुम्ही म्हणाला असता, "ठेव तुजं इंग्रजी तुज्यापाशी." म्हणून मानत नाही.

आज बुधवार. मी हे चर्चच्या पायरीवर बसून लिहितेय. मंडळी आली आहे. दाऊदभाऊ बाजा बाहेर काढून पुसताहेत, मार्थाबाई कुणावर तरी ओरडताहेत, आणि कामशेतच्या दोन नव्या मुली दारापाशी एकमेकींना ढकलत उभ्या आहेत; आत यायचं की पळून जायचं ते त्यांचं ठरत नाहीये. धाकटीने ओठ घट्ट मिटले आहेत. तिला मी बाजाजवळ बसवणार आहे.

कागद इथेच दुमडते. मला उठायला हवं. सगळे उभे राहिले आहेत आणि मी तोंड उघडल्याशिवाय कुणी सुरू करणार नाही.